राक्षसिणीची लेक

ये गं, जरा जवळ सरक. कागदावरचं आहे म्हणून लांबून, एका डोळ्यानं वाचशील तर खबरदार. मी बोलतेय, आणि मी बोलत असताना तो फोन उलटा ठेवायचा. एवढी शिकलेली तू, एवढ्या मोठ्या कंपनीत बसतेस, आणि परवा मावशीला फोन लावून पाऊण तास हुंदके देत होतीस. म्हटलं जावई काही बोलले, नाहीतर नोकरी गेली. तर काय, तुझ्या आवडत्या पुस्तकाचा सिनेमा निघाला आणि त्यातलं रडकं भूत त्या लोकांनी हसरं करून टाकलं! एवढ्यासाठी? वेडाबाई, माझा चहा उतू गेला तुझ्या त्या भुतापायी.

सिनेमावाल्यांना अक्कल नसते हे तुला आज कळलं का? आम्हाला सुरतेत कधीच कळलं होतं. आणि पुस्तकाच्या प्रेमापोटी छाती बडवणाऱ्यांनाही फारशी नसते, हेही तेव्हाच कळलं. मी स्वतः त्या बडवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते, म्हणून अधिकारानं सांगते.

चौऱ्याण्णवच्या प्लेगला भिऊन सगळे गावाकडे पळाले आणि मग हळूहळू परत आले, त्याच्या पुढची ही गोष्ट. आम्ही गोडादऱ्याला राहत होतो. सोसायटी म्हणायची तिला, पण सोसायटी म्हणजे समोरासमोर दोन रांगा, एकेक खोली आणि मधून उघडी गटार. सगळी आपली खानदेशातली माणसं. पुरुष कुणी लूमवर, कुणी रंगाच्या मिलमध्ये. तुझे काका पांडेसऱ्याला कापड रंगवायचे. त्यांचे हात कधी निळे, कधी गुलाबी. जेवताना भाकरीपेक्षा हाताकडेच लक्ष जायचं. आम्ही बायका घरी बसून साड्यांचे धागे कापायचो. बुट्ट्यांची साडी उलटी करून बघितलीयस कधी? एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत मागून धागे लोंबत असतात. ते बारक्या कात्रीनं उडवायचे आणि कापडाला मात्र कात्री लागू द्यायची नाही. दुपारी दोन ते पाच आम्ही सात-आठ जणी आपापले गठ्ठे घेऊन माझ्या खोलीत बसायचो. एक तर माझ्या खोलीत उजेड यायचा, आणि दुसरं म्हणजे मी वाचून दाखवायचे.

माझी शाळा चौथीत सुटली हे तुला ठाऊक आहे. पुढचं माझं मी शिकले. गुजराती शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, आणि मराठी शिकले वाचनालयातल्या पुस्तकांवरून. स्टेशनच्या पलीकडे एक मराठी वाचनालय होतं, जिना चढून वर. तिथे एक निवृत्त मास्तर पुस्तकं द्यायला बसायचे. देताना दर वेळी विचारायचे, "झेपेल ना बाई?" जसं काही मी सिमेंटची गोणी उचलून नेतेय. मी म्हणायचे, "नाही झेपलं तर हमाल करीन, मास्तर." ते हसायचे नाहीत. विनोदी पुस्तकांचं कपाट सांभाळणारा असा कोरडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांनीच एकदा ते पुस्तक दिलं. नाव सांगत नाही. तू लगेच मागवशील. तीन भाग, जाडजूड, हसून हसून पोट दुखावं असं. त्यात एक म्हातारी राक्षसीण आहे. दात पडले म्हणून तिला माणसं खाता येत नाहीत, मग पोटासाठी ती पाताळाच्या वाटेवर खाणावळ घालते. गिऱ्हाइकं म्हणजे वाट चुकलेले देव, सुट्टीवर निघालेली भुतं, आणि एक राजपुत्र ज्याला शाप अर्धाच लागलाय: कमरेच्या वर राजपुत्र, खाली बेडूक. खाणावळीत झोपायला एक उडती बाज आहे, पण तिला उंचीची भीती. जमिनीपासून वीतभर वर उडते आणि खड्डा आला की चळाचळा कापते.

पुस्तकातली मराठी मात्र इस्त्री केलेली. पहिल्या दुपारी जसंच्या तसं वाचलं तर तीन जणी पेंगल्या. मग मी एक युक्ती काढली. पान आधी मनात वाचायचं आणि मग अहिराणीत सांगायचं. नजर पुस्तकावर, बोट ओळीवर, पानं वेळच्या वेळी उलटायची. लबाडीच ती, पण काय बहार आली! पुस्तकात राक्षसीण गिऱ्हाइकांना खीर वाढते. माझ्या तोंडी ती कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायला लागली, आणि देवांच्या नाकातून पाणी यायला लागलं. बायका हसून लोळायच्या. मला वाटायचं, लिहिणाऱ्यानं निम्मं केलं, उरलेलं मी करतेय. बघ माझा तोरा.

आमच्यात वयानं थोरली होती जिजी. तिची कात्री सगळ्यांत जलद चालायची. तिला एकच लेक होती, आणि ती त्याच सुमारास दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून निघून गेली. मुलगा आपल्याच खानदेशातला, रेल्वेतल्या कामगाराचा, सरळ माणूस. तिकडे अमरोलीच्या बाजूला, कोसाडला राहायचे. पण जिजीच्या मालकानं देवापुढे उभं राहून सांगितलं, या घरात तिचं नाव निघायचं नाही. आणि खरंच कुणी काढीना. आम्हीसुद्धा नाही. भारी तोंडाळ पोर होती ती. तिच्या नावानं सगळी रांग बोटं मोडायची. ती गेली आणि रांगच मुकी झाली. जिजी कामाला यायची, बसायची, पण एका आठवड्यात तिनं चार साड्यांना भोकं पाडली.

एका दुपारी मी त्या प्रकरणावर आले, जिथे खाणावळ बंद करून राक्षसीण एकटी चुलीपुढे बसते. पुस्तकात ती नुसती बसते. सुस्कारा टाकते. प्रकरण संपतं. मी जिजीकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तितलामा चुल्हाना मागून तिनी आंडेर उनी. म्हने, ओ माय, भुतं जेवीसन गयात, आते ताटं कोन घासी? तुना बाप?"

आंडेर म्हणजे लेक, उनी म्हणजे आली. कात्र्या थांबल्या. असं तोंड आमच्या रांगेत एकीचंच होतं. जिजीनं मान वर केली नाही. हातातला धागा कापला, फुंकून उडवला, आणि म्हणाली, "मंग?"

मग काय! मग ती पोर राहिलीच. तीन भाग संपेपर्यंत राहिली, आणि बायकांच्या हट्टापायी परत पहिल्यापासून सुरू केलं तेव्हाही राहिली. राजपुत्राला डबक्यात ढकलायची, देवांना रांगेत उभं करायची, बाज घाबरली की तिच्यावर गोधडी टाकायची. जिजी रोज येता येता विचारायची, "आज ती आंडेरनी काय करं?" आणि मी सांगायला लागले की मलाच दुरुस्त करायची. ती अशी नाही रडायची, ती आधी भांडं आपटेल. ती चिंच मागेल, मिठाशी. दोन वर्षं जिजी आपल्या लेकीबद्दल बोलत होती आणि नवऱ्याचा शब्दही मोडत नव्हती, कारण राक्षसिणीच्या लेकीला नावच नव्हतं.

आणि सगळ्या जणी समजत होत्या, ती पोर पुस्तकातच आहे. जिजी तर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवून म्हणायची, लिहिणारा माणूस कधीतरी आपल्या रांगेतून गेला असेल. मी गप्प बसायचे. गोड वाटायचं ना मला!

मग कळलं की त्या पुस्तकाची टीव्हीवर मालिका येतेय. हिंदीत, रविवारी सकाळी. आमच्या रांगेत आनंदाला उधाण आलं. कोपऱ्यावरच्या वहिनीकडे रंगीत टीव्ही होता आणि त्याचा तिला भारी माज. पण त्या रविवारी तिनं स्वतः सतरंजी अंथरली. बायका न्हाऊन, वेण्या घालून आल्या. जिजी तासभर आधीच येऊन टीव्हीच्या नाकासमोर बसली होती. लग्नात नेसायची साडी नेसून. कुणी तिला काही विचारलं नाही. मी मात्र सगळ्यांच्या मागे, दाराशी बसले.

सुरू झालं ते ध्यान. काय सांगू तुला! राक्षसीण म्हणून पंचवीस वर्षांची एक काकडी उभी केली होती. कंबर एवढीशी, आणि तोंडात मोत्यांसारखे बत्तीस दात! अरे, दात पडले म्हणून तर खाणावळ घातली ना तिनं? दात आहेत तर माणसं का खात नाही ही बया? एवढी माणसं मिळून मालिका काढतात, लिहिणारे, नटवणारे, दिवे धरणारे, आणि एकालाही हा प्रश्न पडू नये? खाणावळीचा त्यांनी राजवाडा केला होता, मध्ये कारंजं. पाताळात कारंजं! राजपुत्राचं बेडकाचं अंग गायब. नटाला पँट चांगली दिसते म्हणून असेल. आणि बाज? बाज नाहीच. गालिचा. निळ्या ठिणग्या सोडत ढगात सुसाट जाणारा गालिचा. मूर्खांनो, तिला उंचीची भीती होती, तेवढाच तर विनोद होता! तो काढून टाकला आणि मग हसू येईना म्हणून मागून हसणाऱ्या माणसांचा आवाज लावला. आम्ही आठ जणी दगडासारख्या बसलेल्या आणि डब्यातून खो खो चाललेलं.

वहिनी म्हणाली, "हिला राक्षसीण म्हणतात तर मग माझ्या सासूला काय म्हणायचं?"

त्या दिवशीचं खरं हसू तेवढंच. जिजी हसली नाही. तिनं जाहिराती लागेपर्यंत वाट पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आंडेर कोठे शे?"

"येईल पुढच्या भागात," मी म्हटलं.

पाच रविवार मी हेच म्हटलं. माझी जीभ झडली नाही याचं मला आजही नवल वाटतं. आणि जीभ झाकायला मी काय केलं, तर मालिकेला सगळ्यांत मोठ्यानं शिव्या घातल्या. दर दुपारी. त्या काकडीला, त्या कारंज्याला, त्या गालिच्याला. बायका माझ्यामागून शिव्या द्यायच्या. एकीनं शपथ घेतली की मालिका बंद होईपर्यंत चहा सोडला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच कपभर प्यायली. आम्ही मालिका बघणं मात्र एक रविवार चुकवलं नाही. शिव्या द्यायला माल नको का?

पाचव्या रविवारी भुतांचा नाच झाला, सगळी पात्रं ओळीनं येऊन नाचून गेली, आणि पोर आली नाही. वहिनीनं टीव्ही बंद करून टाकला.

"काढून टाकली त्यांनी तिला," ती म्हणाली. "तोंडाळ आहे ना. टीव्हीवाल्यांनाही पोरगी गरीब गायच लागते."

जिजी आपल्या पदराचे काठ बघत बसली होती. हळूच म्हणाली, "तठे बी काढी टाकी का तिले?"

तिथेसुद्धा, म्हणजे. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं ते शिवी द्यायला.

त्याच आठवड्यात मी पुस्तक परत द्यायला वाचनालयात गेले, तर मास्तरांनी भिंतीवर कागद लावलेला: मालिकेचा निषेध करायला रविवारी चार वाजता सभा. त्यांच्या हातात एक वही होती. प्रत्येक भागातल्या चुका तिच्यात लाल शाईनं लिहिलेल्या, आकडे घालून. राक्षसिणीच्या खाणावळीची पायरी पुस्तकात उजवीकडे झिजलेली आहे, मालिकेत डावीकडे. हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं. कारंजं त्यांना तितकंसं टोचलं नव्हतं. घरी येऊन मी हसत हसत हे सांगितलं. चूक झाली. वहिनी उठून उभीच राहिली. "आपणही जायचं. पोरीची बाजू मांडायला कुणीतरी नको?"

मी म्हटलं, लांब आहे. मी म्हटलं, तिथे सगळे शिकलेले लोक असतात. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. कुणी ऐकलं नाही. रविवारी आठ जणी सिंथेटिक साड्या नेसून वाचनालयाचा जिना चढलो. वर खुर्च्यांवर दहा-बारा पुरुष, बँकेतले, कचेरीतले, एक डॉक्टर. आम्हाला खाली सतरंजीवर बसवलं. मास्तरांना आम्हाला बघून भरून आलं. म्हणाले, "बघा, कष्टकरी भगिनीसुद्धा या कलाकृतीसाठी आल्या आहेत." टाळ्या झाल्या. मग तासभर भाषणं. मराठीचा खून, वाङ्मयाचा अपमान, संस्कृतीचा ऱ्हास. एकानं तर म्हटलं, रात्री झोप लागत नाही. अरे, विनोदी पुस्तकासाठी जमलात ना? एकाच्याही चेहऱ्याला सुरकुती पडू नये? त्यांच्यापेक्षा डब्यातलं हसू बरं, असं मला वाटून गेलं. पायरी उजवी की डावी यावर दोघांची जुंपलीसुद्धा.

शेवटी मास्तर म्हणाले, "भगिनींपैकी कुणी बोलेल का?"

वहिनी पदर खोचून उभी राहिली. "पायरी राहू द्या. आमची पोर कुठाय?"

"कोणती पोर?"

"राक्षसिणीची लेक. ती ताटं आपटते ती. देवांना रांगेत उभं करते ती."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, "राक्षसिणीला मूल नाही. निपुत्रिक आहे ती. तिच्या एकटेपणावर तर पुस्तक उभं आहे."

"वा!" वहिनी म्हणाली. "दोन वर्षं ऐकतोय आम्ही. तिसऱ्या भागात तर तीच खाणावळ चालवते." आणि माझ्याकडे बोट केलं. "सांग ना व यांना!"

सगळी सभा माझ्याकडे वळली. जिजीही. आता तरी खरं बोलशील ना बये? नाही. मी उठले आणि म्हटलं, "ती जुन्या आवृत्तीत आहे."

मास्तर उठले. कपाटाला किल्ली लावली आणि खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळासारखं, घेऊन आले. "ही पहिली आवृत्ती," ते म्हणाले. "दाखवा."

मी पानं उलटत राहिले. आणखी काय करणार? कुणीतरी पंखा बंद केला होता, पानांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. खुर्च्यांवरून एक जण म्हणाला, "बाईंनी स्वतःच रचलेलं दिसतंय!" आणि तेव्हा मात्र ते सगळे हसले. तासभरात पहिल्यांदा.

परत येताना बसथांब्यावर सहा जणी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. वहिनी मोठ्यानं म्हणत होती, "आपण तिकडे निषेधाच्या अर्जावर अंगठे द्यायला निघालो होतो, आणि ही बघा! पुस्तकवाली!" जिजी तेवढी माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. किळस होती. म्हणाली, "टीव्हीवाल्यास्नी काय येगळं करं? तू बी तेच करं."

त्यांनी काकडी घातली, मी पोर घातली. त्यांना लोकांनी बघायला हवं होतं, मला बायकांनी येऊन बसायला हवं होतं. मी मास्तरांच्या लाल शाईला हसत होते, पण त्या वहीत पहिल्या पानावर माझी चूक लिहायला हवी होती.

मग दुपारी माझ्या खोलीत कुणी येईना. उजेड यायचा तेवढा. मी एकटी धागे कापायचे. तुझे काका म्हणाले, "एवढं काय झालं? गोष्टीत पोरगीच घातली ना, दरोडा घातला का?" पुरुषांना कळत नाही.

दहा-बारा दिवसांनी जिजी आली. गठ्ठा टाकला, भिंतीला टेकून बसली. मला वाटलं माफ केलं. ती म्हणाली, "वाच. जसं लिखेल शे तसं. पहिलापासून. तुनं एक बी घालू नको."

मी पुस्तक वाचनालयातून पुन्हा आणलं होतं. वाचायला लागले. इस्त्रीच्या मराठीत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि काय लाज वाटली म्हणून सांगू! किती तरी गमती मी मधल्या मधे खाऊन टाकल्या होत्या. काही मला कळल्याच नव्हत्या, काही कळल्या पण माझी स्वतःची गंमत घुसवायला मी त्या वगळल्या होत्या. राक्षसीण खीर वाढते ना, तर ती खीर देवांना कडू लागते, कारण ते कधी भुकेले राहिलेलेच नसतात. मी तिथे ठेचा घातला होता. जिजी त्या खिरीला हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. ठेच्याला हसायची त्याहून वेगळं हसू होतं ते.

आठ दिवसांनी आम्ही त्या चुलीपाशी आलो. मी वाचलं: खाणावळ बंद झाली, तिनं दिवा बारीक केला, ती चुलीपुढे बसून राहिली. सुस्कारा. मी पान उलटलं.

जिजीची कात्री थांबली. "बस? इतलंच?"

"एवढंच आहे, जिजी."

"एकलीच बसनी ती?"

"एकटीच."

मग तिनं साडीची घडी घातली, अर्धीच कापलेली, आणि काय म्हणाली असेल? "इतला शिकेल मानूस, आणि तिना घरमा एक आंडेर घालानं सुचनं नही त्याले!" त्या लेखकाला मास्तर देव मानायचे. जिजीनं त्याला दोन ओळींत निकालात काढला. मला हसू आलं, पण तिच्याकडे पाहून गिळलं. ती उठून उभी राहिली होती.

"पुस्तकमा नही, टीव्हीमा नही," ती म्हणाली. "मंग कोसाडलेच जानं पडी."

"आणि मालकांना काय सांगशील?"

"सांगसू, आंडेर कडे जास." नाव नाही घेतलं तिनं. शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. स्टेशनपर्यंत बस, तिथून अमरोलीची शटल रिक्षा, तापीचा पूल, पुढे थोडं पायी. तासाभराची वाट, गं. आणि ही बाई दोन वर्षं माझ्या खोलीत बसून राहिली होती, कारण मी तिला रोज दुपारी चमचाभर खोटी लेक पाजत होते. तेवढ्यानं तिची भूक मरत होती, पोट भरत नव्हतं. रिक्षात मी तिच्याशी डोळे भिडवू शकले नाही.

दार लेकीनंच उघडलं. मी मनात तयारी केली होती, आता ही काय फटकारते म्हणून. दोन वर्षं तिच्या तोंडी मीच तर वाक्यं घालत होते. पण तिनं फटकारलं नाही. वाळली होती. कडेवर आठ महिन्यांचं मूल, बोटांना साडीवर खडे चिकटवायचा गोंद. बाजूला झाली, आत गेली, पाण्याचा तांब्या आणला आणि खाली बघत उभी राहिली. हळू आवाजात "बठ" म्हणाली. माझ्या गोष्टीतली पोर असती तर भांडं आपटलं असतं. हिला मी ओळखतच नव्हते. कुणी हिच्यावर मालिका काढली असती तर ती माझ्या गोष्टीपेक्षा जास्त खोटी निघाली नसती.

जिजीनं तिचा हात धरला, बोटावरचा वाळलेला गोंद नखानं खरवडायला लागली. मी मूल घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मध्ये पडायची सवय मला मोडायची होती.

म्हणून तुला म्हणते, ये. पुढच्या महिन्यात नको, दिवाळीला नको, या शनिवारी ये. तू फोनवर बोलतेस आणि मी इकडे तुझा चेहरा रचत बसते. हसलीस की गाल भरलेले घालते, रडलीस की डोळ्यांखाली काळं घालते. मला माझी सवय ठाऊक आहे. मी तुझ्या जागीही एक भाची रचून ठेवलीय, आणि ती मला आवडायला लागलीय. तिचं फार होण्याआधी तू दारात येऊन उभी राहा, आणि गप्प राहिलीस तरी चालेल.